सोळा ऑक्टोबरची ग्रामसभा

पळसझरीच्या ग्रामसभेला माणसं येत नाहीत, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. सव्वीस जानेवारीला झेंडा होतो, पोरांना बुंदी मिळते आणि बुंदी संपली की ग्रामसभाही संपते. मागे उरतात ते दहा-बारा जण, त्यातले निम्मे पंचायतीतला पेपर वाचायला आलेले. पण या सव्वीस जानेवारीला बुंदीचं पातेलं घासूनपुसून ठेवलं तरी एकही माणूस घरी गेला नव्हता. उलट माणसं येतच होती. सतरंज्या भरल्या, पंचायतीच्या पायऱ्या भरल्या, बाया भिंतीला टेकून बसल्या, उशिरा आलेले शाळेच्या कुंपणाला लागून उभे राहिले. गावात रात्री दंडारीचा खेळ असतो तेव्हाही एवढी गर्दी होत नाही, आणि दंडारीला तर लोक हौसेनं येतात.

पंचायतीच्या ओसरीवर रिना रामटेके हातात विषयपत्रिका धरून उभी होती. विषयपत्रिकेवर पहिले तीन विषय नेहमीचे होते. चौथा विषय असा: माजी सरपंच नानाजी ढवस यांच्या चौकशीची मागणी करावी की नाही.

रिना गावची उपसरपंच. वय तेहतीस, धंदा शिवणकामाचा, नवरा अश्विन माजरीकडे कोळशाच्या खाणीवर डम्पर चालवतो. नोव्हेंबरात नानाजींनी सरपंचपदाचा राजीनामा दिला आणि प्रभारी सरपंच म्हणून ती खुर्ची रिनाकडे आली. राजीनामा का दिला, हे नानाजींनी फार थाटात सांगितलं होतं: आता तरुणांना संधी द्यायची. खरं कारण गावातली शेळीसुद्धा सांगू शकली असती. झेडपीच्या निवडणुका आज ना उद्या लागणार होत्या आणि नानाजींना तिकीट पाहिजे होतं.

आता रिनाचं खरं सांगायचं तर तिला ती खुर्ची आवडली होती. अगदी मनापासून आवडली होती. आधी बाया तिच्याकडे ब्लाऊज घेऊन यायच्या, आता ब्लाऊजसोबत अर्जही आणायच्या. "सरपंच बाई" म्हणून कोणी हाक मारली की ती मुद्दाम जरा उशिरा वळायची, म्हणजे आणखी एकदा ऐकायला मिळेल. दोन महिन्यांत तिनं आपल्या बौद्ध वस्तीतला बंद पडलेला हातपंप सुरू करून घेतला होता आणि अंगणवाडीचं छत दुरुस्त करून घेतलं होतं. तिला वाटायला लागलं होतं की आपल्याला हे काम येतं.

आणि मग आठ दिवसांपूर्वी गायरानात खुंट्या पडल्या.

गाव आणि जंगल यांच्या मधोमध चाळीस एकरांचं गायरान. अलीकडे कापूस, पलीकडे साग, आणि सागात वाघ. गावची सगळी गुरं गायरानावर चरतात म्हणून जंगलात जावं लागत नाही, एवढा साधा हिशोब. तिथे एक दिवस सकाळीच चार माणसं टेप धरून मोजणी करताना दिसली. कोणा खाजगी कंपनीचा कोळशाचा डेपो होणार होता. बकऱ्या चारणारा बुधू धावत आला, अर्धं गाव धावत गेलं, आणि त्या माणसांनी शांतपणे एक कागद दाखवला. पळसझरी ग्रामसभेची ना-हरकत. अध्यक्ष, नानाजी ढवस. सूचक, बुधू. अनुमोदक, सौ. रिना अश्विन रामटेके. मागे एकाहत्तर सह्या आणि अंगठे.

रिनानं आपली सही दोनदा निरखून पाहिली. सही तिचीच होती. खोटी असती तर किती बरं झालं असतं. त्या दिवसापासून तिला त्या कागदावर आपल्या सहीशिवाय दुसरं काही दिसलंच नाही.

ती सही कशी झाली, हे समजण्यासाठी पळसझरीची एक रीत माहीत पाहिजे. ग्रामसभेला माणसं येत नाहीत, पण कागदावर तर माणसं लागतात. म्हणून पंचायतीचा शिपाई पोचू रजिस्टर बगलेत मारून घरोघर फिरायचा. कोणी सोयाबीन पाखडत असे, कोणी भाकर थापत असे. पोचू पान उघडून धरायचा, लोक सही करायचे, अंगठ्याला शाई लावायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. पान कोरं आहे की लिहिलेलं, हे कोणी पाहत नसे. गावात याला "घरपोच ग्रामसभा" म्हणत आणि म्हणताना हसत. सप्टेंबरात पोचू रिनाच्या दारात आला तेव्हा ती मशीनवर होती. "पाण्याच्या ठरावाले सही पायजे, बाई," म्हणाला. तिनं पायडलवरचा पाय न काढता डाव्या हातानं कापड धरलं आणि उजव्या हातानं सही केली. ते पान कोरं होतं.

आज सकाळी झेंड्याच्या आधीच नानाजी तिच्या अंगणात हजर झाले होते. पांढरा सदरा, खिशाला तिरंगी बिल्ला, चेहऱ्यावर तेच मोठ्या भावाचं हसू. रिनाला राजकारणात त्यांनीच आणलं होतं. तिच्या पहिल्या प्रचाराला ते दारोदार फिरले होते, हेही खरं होतं.

"बाई, तो चौथा विषय काढून टाक," ते खाटेवर बसत म्हणाले. "मी आता कोण हाय? सरपंच नाई, मेंबर नाई. खुर्चीवर नाई त्याची कायची चौकशी?"

"लोकाईनं विषय देल्ला, भाऊ. मी कशी काढू?"

"बरं, नोको काढू. पण इचार कर. चौकशी लागली त साहेब लोक कोणाले पकडतीन? जो खुर्चीवर हाय त्याले. अनुमोदक कोण हाय? तू. मी त सुटलो, मी राजीनामा देल्ला." मग त्यांनी आवाज उतरवला, अगदी मायेनं. "तू बी देऊन टाक. आजच. विषय मिटते. सहा महिन्यानं पुन्हा उभी राह्य, मी निवडून आणतो तुले."

ते गेल्यावर अश्विन न्हाणीतून बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. "भाऊ बरोबर सांगून राह्यले," तो म्हणाला. "देऊन टाक राजीनामा. कायले झंझट?" रिनानं साडीला पिना लावल्या आणि ती निघाली. रस्ताभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: राजीनाम्याचे चार शब्द लिहिले की खरंच सगळं धुऊन निघतं का?

तर सभा सुरू झाली. पहिले तीन विषय लोकांनी पाच मिनिटांत उरकले. रस्त्याचं काय, नालीचं काय, कोणाला ऐकायचंच नव्हतं. चौथा विषय पुकारला आणि सगळी सभा ताठ बसली.

पहिला उठला विक्की, नानाजींचा पुतण्या. तो घरून पाठ करून आला होता, हे त्याच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. "अध्यक्षबाई, माहा मुद्दा कायद्याचा हाय. अविश्वास कोणावर येते? जो पदावर हाय त्याच्यावर. जो पदावर नाई त्याले काहाडता कुठून? ग्रामसभेले माजी माणसावर बोलाचा अधिकारच नाई."

मागून दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. काही लोकांना मुद्दा पटला, ते माना हलवू लागले. तेवढ्यात बायांमधून मनकर्णाबाई उठल्या. साठी ओलांडलेल्या, गावात कोणालाही एकेरीत बोलायची त्यांना मुभा होती आणि ती त्या भरपूर वापरायच्या.

"विक्की, मले एक सांग. मी म्हैस विकली बाजारात. पण विकाच्या आदल्या दिवशी थे म्हैस तुया वावरात शिरली अन् कापूस खाल्ला. तू कोणाच्या दारात येशीन बोंबलत?"

"तुमच्या," विक्की बोलून गेला.

"काऊन? म्हैस त मी विकली. मी त माजी हावो."

सभा जी हसली ती थांबेना. विक्कीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हशीची गोष्ट वेगळी," तो म्हणाला, पण कशी वेगळी ते त्याला सांगता येईना. मग लोक एकदमच बोलू लागले. कोणी म्हणालं, गेला माणूस गेला, कायले उकरता. कोणी म्हणालं, मग चोरानं पळून गेल्यावर पोलिसांनी घरी बसावं काय. शेवटी रिनानं टेबलावर डस्टर आपटलं.

"पुनम मॅडम, तुमीच सांगा. कायदा काय म्हणते?"

पुनम मॅडम म्हणजे नवीन ग्रामसेवक. वर्ध्याकडच्या, गावात येऊन जेमतेम दीड महिना. जुना ग्रामसेवक नानाजींच्या राजीनाम्यानंतर बदली होऊन गेला होता. मॅडम कोणाच्या बाजूनं बोलायला तयार नव्हत्या, पण विचारल्यावर खोटंही सांगणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पुस्तक उघडलं, बोट ठेवून दोन ओळी मनात वाचल्या आणि मग मोठ्यानं सांगितलं, "पदावर असताना गैरवर्तन केलं असेल, तर राजीनामा दिलेल्या माणसाचीही चौकशी मागता येते. सिद्ध झालं तर काही वर्षं त्याला निवडणुकीला उभं राहता येत नाही."

काय गलका झाला म्हणता! कुंपणाजवळचे लोक पुढे सरकले. झेडपी हा शब्द कोणी उच्चारला नाही आणि तरी तो सगळ्यांना ऐकू आला. नानाजींचं हसू मात्र जागेवर होतं. ते उठले, सदरा झटकला आणि माइक हातात घेतला. या माणसाला बोलता यायचं, यात वाद नाही.

"माह्या मायबहिणीहो, मी चौकशीले भेत नाई. पण चौकशी कायची? ठराव नानाजीनं केला का गावानं केला? मॅडम, तुमच्यापाशी रजिस्टर हाय. वाचा ना. सह्या कोणाच्या हायेत, गावाले ऐकू द्या."

मॅडमनी रजिस्टर उघडलं आणि सरकारी आवाजात वाचायला सुरुवात केली. "पळसझरी ग्रामसभा, तहकूब सभा, दिनांक सोळा ऑक्टोबर, वेळ दुपारी बारा, स्थळ ग्रामपंचायत कार्यालय. अध्यक्ष नानाजी ढवस. उपस्थित सभासद..." आणि नावं सुरू झाली. एकेक नाव आलं की एकेक मान खाली जात होती. बुधूचं नाव आलं तेव्हा तो आपल्या अंगठ्याकडे पाहू लागला. ज्या गायरानावर त्याच्या बकऱ्या जगत होत्या, ते देऊन टाकण्याची सूचना त्याचीच होती, कागदोपत्री. मनकर्णाबाईंचं नाव आलं आणि त्यांनीसुद्धा पदर तोंडाशी धरला. नानाजी प्रत्येक नावाला मान डोलावत होते.

रिना ऐकत होती. आपलं नाव कधी येतं याचीच ती वाट पाहत होती, आणि तेवढ्यात तिच्या डोक्यात काहीतरी अडकलं. नावांत नव्हे, त्याच्याही आधी. मॅडम "रिना अश्विन रामटेके, अनुमोदक" म्हणाल्या, सगळ्या सभेनं तिच्याकडे पाहिलं, आणि तिला त्याचं भानच नव्हतं.

"मॅडम, थांबा," ती म्हणाली. "वरची तारीख पुन्हा वाचा."

"सोळा ऑक्टोबर. दुपारी बारा."

मग मनकर्णाबाईंनी हळूच विचारलं, "सोळा ऑक्टोबरले मी गावात असन?"

आणि मग वस्तीतल्या लोकांना एकदम कळलं. सोळा ऑक्टोबरला वस्तीत कोण असतं? दरवर्षी पंधरा आणि सोळाला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेच्या सोहळ्याला जायचं, हे पळसझरीच्या वस्तीत पोरांनाही तोंडपाठ. घरांना कुलपं लागतात, कुत्री तेवढी राखणीला राहतात. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, भाकरीची गाठोडी, आणि सगळी वस्ती सकाळी सातला गाड्यांत. एकाहत्तर सह्यांपैकी त्रेचाळीस सह्या वस्तीतल्या होत्या. एवढी माणसं दुपारी बारा वाजता एकाच वेळी चंद्रपुरातही होती आणि पळसझरीतही.

"गाड्या कोणं लावल्या होत्या?" कोणीतरी मागून विचारलं.

"भाऊनं!" तीन-चार बाया एकदम बोलल्या.

नानाजींनीच लावल्या होत्या. दरवर्षी लावायचे. नुसत्या लावल्या नव्हत्या, ते स्वतः पुढच्या गाडीत बसून गेले होते आणि अंधार पडल्यावर सगळ्यांसोबत परतले होते. वस्तीतल्या एका पोरीनं मोबाइल काढला, मग दुसरीनं, आणि बघता बघता सगळी सभा माना खाली घालून गावाचा ग्रुप वर सरकवू लागली. फोटो सापडला. दीक्षाभूमीसमोर नानाजी, दोन्ही बाजूंना वस्तीतली माणसं, खाली लिहिलेलं: "आमचे लाडके सरपंच आज चंद्रपूर येथे." वर तारीख. वेळ, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. टाकणारा विक्की.

विक्कीनं डोक्याला हात लावला. पोचू पायरीवर बसल्या बसल्या रडकुंडीला आला आणि न विचारताच सांगू लागला की सह्या त्यानं सप्टेंबरात घेतल्या, तारीख मागून ग्रामसेवक साहेबांनी टाकली. दोन ऑक्टोबरची सभा कोरमअभावी तहकूब झाली होती, जुन्या ग्रामसेवकानं बोटांवर चौदा दिवस मोजले आणि सोळा तारीख लिहून मोकळा झाला. तो परगावचा, त्याला सोळा ऑक्टोबर काय माहीत. पण नानाजींना माहीत होता. गंमत अशी की त्यांनीही पानावर सही करताना वर काय लिहिलंय ते वाचलं नव्हतं. न वाचता सही करायची सवय त्यांनी गावाला लावली होती आणि ती त्यांनाही लागली होती.

आता संपलं, असं रिनाला वाटलं. तिला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. पण नानाजी काही कच्चे नव्हते.

"तारीख लिहिण्यात चुकली असन," ते म्हणाले, "मी मानतो. पण सह्या? सह्या खऱ्या हायेत का खोट्या, हे सांगा. अध्यक्षबाई, पहिले तुमी सांगा. अनुमोदक तुमी हा. सही तुमची हाय का नाई?"

रिनाला सकाळचं सगळं आठवलं. "माझी नाही" म्हणावं, तर ते खोटं. "माझी आहे" म्हणावं, तर न वाचता ठरावाला अनुमोदन देणारी उपसरपंच म्हणून तीही त्याच चौकशीत, त्याच पुस्तकातल्या त्याच ओळीखाली. खुर्ची जाणार आणि पुढची काही वर्षंही जाणार. आणि राजीनामा द्यावा, तर नानाजी म्हणतात तेच खरं ठरणार. समोर अश्विन बसला होता. तो तिच्याकडे पाहत नव्हता.

रिना उठली. "मनकर्णाबाई, इथी या," ती म्हणाली. "जेच्यावर बोलाचं हाय त्यानं अध्यक्ष राहू नये. तुमी बसा खुर्चीवर."

मनकर्णाबाई आयुष्यात कधी त्या खुर्चीवर बसल्या नव्हत्या. त्या आल्या, खुर्ची पदरानं पुसली आणि बसल्या. रिना खाली उतरून सतरंजीच्या काठाशी उभी राहिली. माइक नव्हता, पण तिला त्याची गरजही पडली नाही.

"सही माही हाय. मशीनवर बसून केली, पान कोरं होतं, मी वाचलं नाई. सोळा ऑक्टोबरले मी चंद्रपूरले होती, भाजी वाढून राह्यली होती. हे सगळं मी चौकशीत बी सांगीन. माहं म्हणणं एवढंच हाय का अर्जात एक नाव नोको, दोन लिहा. एक माजी अन् एक आजी. राजीनामा मी देत नाई. राजीनामा देऊन माणूस सुटते असं आज आपण ठरवलं, त उद्या जो बी इथी बसन तो एक पाय दाराबाहेर ठेवूनच बसन."

भीती होतीच, पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी छातीत चढून आलं होतं.

मग जे सुरू झालं ते पळसझरीनं कधी पाहिलं नव्हतं. बुधू उठला आणि म्हणाला, सोळा ऑक्टोबरला मी गायरानातच होतो, बकऱ्या चारत, लिहा. एकजण म्हणाला, मी मळणीयंत्रावर होतो. एकजण भद्रावतीला बाजारात होता, एकीची सून दवाखान्यात होती. लोक रांग लावून आपण त्या दिवशी सभेत नव्हतो हे सांगू लागले, आणि पुनम मॅडमचा हात लिहून लिहून दुखायला लागला. ग्रामसभेला कोण नव्हतं हे सांगायला कधी नव्हे ते सगळं गाव ग्रामसभेला आलं होतं.

मनकर्णाबाईंनी डस्टर आपटलं. जरा जास्तच जोरात आपटलं. "पहिले ठराव रद्द. हात वर करा." सगळे हात वर. "आता नानाजीच्या चौकशीचं. हात वर करा." मॅडमनी दोनदा मोजले. बाजूनं एकशे अडतीस, विरुद्ध नऊ.

"आता रिनाच्या चौकशीचं," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम पडला. "हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. लोक एकमेकांकडे बघून हसत होते, मायेनं. "राहू द्या जी बाई," कोणीतरी म्हणालं, "तिनं सांगतलं ना खरं." रिनाचा जीव भांड्यात पडला. खरंच पडला, खोटं कशाला सांगायचं. खुर्ची राहत होती, नाव राहत होतं, आणि वर गाव तिच्यावर खूश होतं. काहीच करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं.

तेवढ्यात एक हात वर गेला. नानाजींचा.

हात उंच धरून ते हसत सभेकडे वळले. "पाह्यलं? माह्यावर एकशे अडतीस, तिच्यावर एक. याले चौकशी म्हणत नाई, याले पार्टीबाजी म्हणते. हेच मी वरच्या साहेबाले सांगीन."

हसणारे थांबले. रिनाला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त राग याचा आला की ते बरोबर बोलत होते. ते आपल्या फायद्यासाठी बोलत होते आणि तरी बरोबर बोलत होते. तिनं आपला हात वर केला.

"भाऊ बरोबर बोलून राह्यले," ती म्हणाली.

"तू काऊन?" मनकर्णाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "खाली कर हात. पोरी, खाली कर."

"नाई करत." रिनानं हात आणखी उंच धरला. "तुमचा माह्यावर जीव हाय, मले माहीत हाय. भाऊवर बी होता."

सतरंजीवर, पुढून चौथ्या ओळीत, अश्विन मान खाली घालून बसला होता. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं. मग त्यानं हात वर केला, आणि तो सरळ वरच धरला. त्याच्या शेजारी बुधूनं केला. मग वस्तीतल्या बायांनी, काहींनी डोळ्यांना पदर लावून. मग कुंपणाजवळच्यांनी, मग पायरीवरच्या पोचूनं, ज्याचं मत कोणी विचारलंही नव्हतं. शेवटी मनकर्णाबाईंनी अध्यक्षाच्या खुर्चीवरूनच हात उचलला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

मॅडम मोजायला उठल्या. एवढ्या सगळ्या हातांमध्ये एकच हात हळूहळू खाली येत होता. तो नानाजींचा होता.